शेओल, गेहेन्ना, नरक : बायबलमधील परलोकविषयक मतभेदांचा भाषिक पाया

१८७७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये कॅनन फ्रेडरिक विल्यम फॅरर यांनी दिलेली प्रवचने पुढील वर्षी 'इटर्नल होप' या नावाने ग्रंथरूपात आली आणि इंग्लंडच्या धार्मिक जीवनात मोठी खळबळ उडाली. फॅरर यांनी नरकाचे अस्तित्व सरसकट नाकारले नव्हते. त्यांचा आक्षेप प्राधान्याने भाषांतरावर होता. 'हेल', 'डॅमनेशन' आणि 'एव्हरलास्टिंग' हे तीन शब्द इंग्रजी बायबलमधून वगळले पाहिजेत, कारण आज त्यांना जो अर्थ चिकटलेला आहे तो मूळ हिब्रू व ग्रीक शब्दांत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८८० मध्ये ऑक्सफर्डच्या एडवर्ड प्यूसी यांनी त्यांना ग्रंथरूपाने उत्तर दिले आणि १८८१ मध्ये फॅरर यांनी 'मर्सी अँड जजमेंट' लिहून वाद पुढे नेला. फॅरर यांचा जन्म १८३१ मधला, मुंबईचा; त्यांचे वडील चर्च मिशनरी सोसायटीतर्फे पश्चिम भारतात काम करीत होते. या योगायोगातून फार काही निष्पन्न करण्याचे कारण नाही. परंतु स्वर्ग-नरकाचा प्रश्न हा मुळात शब्दांचा प्रश्न आहे, ही जी दिशा फॅरर यांनी दाखवली ती तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने मोलाची आहे, आणि तिच्या मर्यादाही तितक्याच तपासण्याजोग्या आहेत.

बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे, हे विधान आता इतके रुळलेले आहे की त्याचे परिणाम काय होतात याचा विचार सहसा केला जात नाही. परलोकाच्या संदर्भात ते परिणाम अत्यंत ठळक आहेत. हिब्रू बायबलमध्ये मृतांच्या ठिकाणासाठी 'शेओल' हा शब्द सुमारे पासष्ट वेळा येतो. हे स्थान खाली आहे, अंधारे आहे, नि:शब्द आहे. तेथे राजा आणि दास, सज्जन आणि दुर्जन असा भेद नाही. शोकाकुल याकोब तेथे आपल्या पुत्राकडे जाण्याची भाषा करतो, ईयोब तेथे विसावा शोधतो, स्तोत्रकार तर देवालाच सुनावतो की तेथे तुझी स्तुती करणारा कोणी उरणार नाही. उपदेशकाच्या ग्रंथात मृतांना कसलीच जाणीव नसते. शिक्षेचे ठिकाण म्हणून, म्हणजे नरक म्हणून, शेओलचे वर्णन या संहितांमध्ये नाही. मृत्यूनंतर काहींना अनंत जीवन व काहींना अनंत अप्रतिष्ठा हा विचार हिब्रू बायबलमध्ये स्पष्टपणे येतो तो दानीएलच्या बाराव्या अध्यायात, आणि त्या ग्रंथाचा हा भाग इ. स. पू. दुसऱ्या शतकातील छळाच्या काळात रचला गेला असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. जे धर्मासाठी मारले गेले त्यांना न्याय मिळणार तरी कोठे, या प्रश्नाचा दाब त्या ओळींमागे आहे. येशूच्या काळातही यहुदी समाजात या बाबतीत एकवाक्यता नव्हती. सदूकी पुनरुत्थान मानीत नसत, परूशी मानीत. दोघेही स्वत:ला मोशेच्या शास्त्राचे अनुयायी म्हणवीत.

या अनेकतेवर पहिले आवरण पडले ते भाषांतराचे. अलेक्झांड्रियाच्या परंपरेतील ग्रीक भाषांतराने, म्हणजे सेप्तुआगिंतने, शेओलसाठी बहुतेक ठिकाणी 'हेडीझ' हा शब्द योजला आणि होमरच्या छायालोकाचा संस्कार हिब्रू अंधारावर झाला. नव्या करारात चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. तेथे 'हेडीझ' आहेच. त्याशिवाय 'गेहेन्ना' आहे, आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात ग्रीक पुराणातील टार्टारसवरून घडवलेले एक क्रियापद एकदाच येते. लॅटिन परंपरेत यांतील बरेचसे 'इन्फेर्नुस' व त्याच्या रूपांकडे गेले. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात शेओलसाठी एकतीस ठिकाणी 'हेल', एकतीस ठिकाणी 'ग्रेव्ह' आणि तीन ठिकाणी 'पिट' असे शब्द आले. ही वाटणी पाहिली म्हणजे भाषांतरकारांची दृष्टी उघड होते : सज्जन माणूस जेथे जातो तेथे बहुधा कबर आणि दुर्जन जातो तेथे बहुधा नरक. मूळ शब्दाने जो भेद केला नव्हता तो भाषांतराने केला. एवढेच नव्हे, तर हेडीझ आणि गेहेन्ना या दोहोंसाठीही 'हेल' हाच शब्द वापरल्यामुळे प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात एक चमत्कारिक प्रसंग ओढवला. मूळ ग्रीकमध्ये मृत्यू आणि हेडीझ ही दोन्ही अग्निसरोवरात टाकली जातात, म्हणजे मृतांना धरून ठेवणारे कारागृहच नष्ट होते. किंग जेम्सच्या वाचकाला मात्र नरकच नरकाग्नीत फेकला गेल्याचे वाचावे लागते. १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या कराराने 'हेडीझ' हा शब्द मुळाप्रमाणे ठेवून ही अडचण दूर केली.

'गेहेन्ना' या शब्दाची कथा स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. तो एका खऱ्याखुऱ्या जागेचा शब्द आहे : यरुशलेमच्या दक्षिणेची हिन्नोमची दरी. राजांच्या दुसऱ्या ग्रंथानुसार तेथील तोफेथ या स्थानी मुलांना अग्नीत अर्पण केले जाई आणि योशीया राजाने ते स्थान भ्रष्ट करून बंद पाडले. यिर्मयाने त्याच दरीला वधाची दरी हे नाव पडेल असे भाकीत केले. येशूच्या तोंडी गेहेन्ना येतो तेव्हा भूगोल, बालहत्येची स्मृती आणि संदेष्ट्याचा शाप ही तिन्ही त्यात असतात. नव्या करारात हा शब्द बारा वेळा आहे; अकरा वेळा पहिल्या तीन शुभवर्तमानांत आणि एकदा याकोबाच्या पत्रात. पौलाने तो एकदाही वापरलेला नाही, योहानाच्या शुभवर्तमानातही तो नाही. ज्याला पुढे ख्रिस्ती नरकाचा आधारशब्द मानले गेले त्याचे हे वितरण विचार करायला लावणारे आहे.

मात्र येथेच लोकप्रिय भाष्यांतील एका समजुतीचा समाचार घ्यावा लागतो. हिन्नोमची दरी ही शहराचा कचरा व प्रेते जाळण्याची जागा होती, तेथे सतत आग धुमसत असे आणि येशू केवळ त्या उकिरड्याचा दाखला देत होता, असे व्याख्यान व्यासपीठांवरून व पुस्तकांतून वारंवार होते. नरकाची कल्पना सौम्य करू पाहणाऱ्यांना ते विशेष सोयीचे वाटते. परंतु या उकिरड्याचा ज्ञात उल्लेख दाविद किम्ही या यहुदी भाष्यकाराचा, इ. स. १२०० च्या आसपासचा आहे. येशूच्या काळातील कोणताही ग्रंथ तसे सांगत नाही आणि उत्खननानेही त्याला पुष्टी दिलेली नाही. बाराशे वर्षांनंतरच्या टीपेवर पहिल्या शतकातील अर्थ उभारणे हे संहितावाचन नव्हे. पारंपरिक पक्षाने 'हेल' या एका शब्दात सर्व कोंबले, तर उदार पक्षाने एका उकिरड्यात सर्व विरघळवले. पद्धतीचा दोष दोन्हीकडे सारखाच आहे.

वादाचा खरा गाभा मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटच्या वाक्यात आहे. मेंढरे आणि शेरडे वेगळी केल्यानंतर एक गट शिक्षेकडे आणि दुसरा जीवनाकडे जातो, आणि दोन्ही नामांना 'आयोनिओस' हे एकच विशेषण लावलेले आहे. ऑगस्टीनने 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या एकविसाव्या खंडात याच वाक्यावर आपली तटबंदी उभारली : विशेषण एक, वाक्य एक, मग जीवन अनंत आणि शिक्षा सान्त असे म्हणणे हास्यास्पद आहे. जे ख्रिस्ती लोक दयेपोटी शिक्षेला अंत असेल असे मानीत त्यांची ऑगस्टीनने काहीशा उपहासाने दखल घेतली आहे, आणि असे लोक पुष्कळ होते हे त्याच्याच दुसऱ्या एका ग्रंथातून कळते. ग्रीक पूर्वेकडे ओरिगेनने तिसऱ्या शतकात आणि निसाच्या ग्रेगरीने चौथ्या शतकात सर्वांच्या अंतिम पुन:स्थापनेचा विचार मांडला होता. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी निगडित शापवचनांनंतर ओरिगेनचे नाव संशयास्पद झाले. ग्रेगरी मात्र संत राहिला. मतभेदांच्या इतिहासात अशी विसंगती नेहमी आढळते आणि ती झाकण्यात अर्थ नसतो.

'आयोनिओस' हे 'आयोन', म्हणजे युग, या नामापासून झालेले विशेषण. सेप्तुआगिंतने हिब्रू 'ओलाम'साठी ते वापरले, आणि ओलाम हा काळ दूरचा असतो, पण अंतहीनच असतो असे नाही. हबक्कूकच्या प्रार्थनेत ओलामाचे डोंगर ढासळतात. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या अखेरीस ज्या 'आयोनिओस' काळांचा उल्लेख आहे ते काळ संपून गेलेले आहेत. यहूदाच्या छोट्या पत्रात सदोम व गमोरा 'आयोनिओस' अग्नीची शिक्षा भोगतात, पण ती नगरे आज जळत नाहीत. यावरून एक पक्ष म्हणतो की अग्नीचा परिणाम कायमचा, अग्नी नव्हे. दुर्जनांचा समूळ नाश होतो. १९८२ मध्ये एडवर्ड फज यांनी 'द फायर दॅट कन्झ्यूम्स' या ग्रंथात हे मत सविस्तर मांडले आणि १९८८ मध्ये जॉन स्टॉट यांच्यासारख्या सनातनी गोटातील मान्यवरानेही त्याकडे कल दाखवला. दुसरा पक्ष विशेषणाला काळाचे परिमाण न मानता गुणाचे मानतो. एफ. डी. मॉरिस यांनी हेच केले : योहानाच्या शुभवर्तमानात अनंत जीवन म्हणजे देवाला ओळखणे अशी व्याख्या येते, तेव्हा अनंत मृत्यू म्हणजे ती ओळख गमावणे. या मतापायी १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील त्यांचे प्राध्यापकपद गेले. एका विशेषणाच्या अर्थावरून उपजीविका जाण्याची उदाहरणे भाषाशास्त्राच्या इतिहासात थोडीच असतील. अलीकडे डेव्हिड बेंटली हार्ट यांनी २०१७ च्या आपल्या नव्या कराराच्या भाषांतरात 'युगा'शी असलेले नाते जपणारा पर्याय निवडला आणि २०१९ मध्ये सर्वांच्या तारणाचा आग्रही पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले.

शब्दार्थाच्या या बाजूला बळ आहे, पण ते जितके सांगितले जाते तितके नाही. शिक्षेसाठी मत्तयाने योजलेला 'कोलासिस' हा शब्द पुढे करून सांगितले जाते की ॲरिस्टॉटलने 'वक्तृत्वशास्त्रा'त कोलासिस आणि तिमोरिया यांत भेद केला आहे. पहिली शिक्षा भोगणाऱ्याच्या हितासाठी, दुसरी देणाऱ्याच्या समाधानासाठी. म्हणून मत्तयातील शिक्षा सुधारणेसाठीच असली पाहिजे. तत्त्वज्ञाने केलेला सूक्ष्म भेद चार शतकांनंतरच्या लोकव्यवहारातील ग्रीकवर लादता येतो काय, हा पहिला प्रश्न. दुसरे म्हणजे पहिल्या शतकातीलच जोसेफस परूश्यांचे मत सांगताना दुर्जनांना 'आयदिओस' तिमोरिया मिळते असे म्हणतो आणि त्याच वाक्यात क्रियापद मात्र कोलासिसच्या धातूचे वापरतो. हे वाक्य दोन्ही पक्षांना एकाच वेळी अडचणीत आणते. आयोनिओसपेक्षा नि:संदिग्ध असा शब्द त्या काळी उपलब्ध होता आणि मत्तयाने तो वापरला नाही, ही गोष्ट फॅरर यांच्या बाजूची. कोलासिस आणि तिमोरिया एकमेकांत मिसळून गेले होते, ही प्यूसी यांच्या बाजूची. शिवाय रडणे व दात खाणे हा शब्दप्रयोग मत्तयात सहा वेळा येतो. शब्दकोशातील नोंदी कितीही सौम्य केल्या तरी त्या संहितेचा भयकारी स्वर पुसता येत नाही. उलट पौलाच्या पत्रांत आदामामध्ये सर्व मरतात तसे ख्रिस्तामध्ये सर्व जिवंत केले जातील अशा आशयाची विधाने आहेत आणि ती केवळ अलंकारिक ठरवणे हीदेखील तितकीच जुलमाची व्याख्या आहे. मत्तय आणि पौल यांना एका सूत्रात ओवण्याची निकड धर्मशास्त्राला असते. साहित्यसमीक्षेला ती असण्याचे कारण नाही. वादातील तिन्ही पक्ष आपण मूळ अर्थाकडे परतत आहोत असे म्हणतात. मूळ अर्थ एकच होता हे गृहीतकच तपासायचे राहून जाते.

या सगळ्या वादात एक गोष्ट आश्चर्यकारकरीत्या दुर्लक्षित राहते. ज्या अध्यायाच्या अखेरच्या विशेषणावर सोळा शतके शाई खर्च झाली, त्या अध्यायात निवाड्याचा निकष कोणता आहे? भुकेल्याला अन्न दिले काय, उघड्याला वस्त्र दिले काय, तुरुंगातल्याला भेटलात काय. लूकच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंत आणि लाजराच्या दाखल्यातही श्रीमंताच्या श्रद्धेविषयी अवाक्षर नाही. तो श्रीमंत होता आणि दारातल्या गरिबाकडे त्याने पाहिले नाही, एवढेच. तेथील यातनास्थानही हेडीझ आहे, गेहेन्ना नव्हे, आणि ते मृत्यूनंतर लगेच, अंतिम न्यायाआधी येते. दाखल्याला परलोकाचा नकाशा समजून वाचण्याची सवय जडली की प्रकाराचे भान सुटते. दान्तेच्या महाकाव्याने हा नकाशा पक्का केला हे खरे, पण दान्तेला तो बायबलमधून फार थोडा मिळाला. व्हर्जिलच्या सहाव्या सर्गातून आणि पेत्र व पौल यांच्या नावांवरील बायबलबाह्य दर्शनग्रंथांपासून चालत आलेल्या परंपरेतून कितीतरी अधिक मिळाला.

मराठीचा संबंध येथे दोन अंगांनी येतो. भारतीय बायबल सोसायटीच्या प्रचलित 'पवित्र शास्त्रा'त हेडीझसाठी 'अधोलोक' आणि गेहेन्नासाठी 'नरक' असे दोन निराळे शब्द आहेत. परिणामी प्रकटीकरणातील अग्निसरोवराचे वाक्य मराठी वाचकाला किंग जेम्सच्या वाचकापेक्षा अधिक अर्थपूर्ण रीतीने वाचता येते. परंतु 'नरक' या शब्दाबरोबर दुसरी अडचण आली. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरक सांगितले आहेत, मनुस्मृतीत एकवीस. आणि त्या सर्वांचे लक्षण असे की तेथील वास भोगाने संपतो व जीव पुन्हा जन्माला येतो. स्वर्गाचेही तेच : पुण्य सरले की परतणे. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिराला नरक दिसतो, आपले बंधू तेथे आहेत हे कळताच तो स्वर्ग नाकारून तेथेच थांबतो, आणि मग तो नरकच माया म्हणून विरतो. हा संस्कार असलेल्या श्रोत्याला 'नरक' या शब्दातून अनंतता कळणे शक्य नव्हते; तिचा सगळा भार 'सार्वकालिक' या विशेषणावर पडला. आणि हे विशेषण सर्वकाळापासून बनलेले असल्यामुळे ग्रीकमधील संदिग्धता त्यात उरत नाही. विशेष म्हणजे त्याच मराठी भाषांतरात 'आयोन' या नामासाठी 'युग' हा शब्द आहे. नाम युगाचे आणि विशेषण सर्वकाळाचे, असे झाल्याने त्यांचे नाते तुटले. 'युगीन' किंवा 'येणाऱ्या युगाचे' असे म्हटले असते तर कृत-त्रेता-द्वापार-कलीचे चक्र फिरू लागले असते, ही भाषांतरकारांची भीती समजण्याजोगी आहे. निवड चुकीची नव्हती, पण ती ऑगस्टीनच्या बाजूची होती, आणि ती निवड आहे हे वाचकाला कळत नाही.

या सांध्यावरच एका मराठी भाषक पंडिताने बोट ठेवले होते. जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून ख्रिस्ती मताचे श्रेष्ठत्व प्रतिपादले, तेव्हा उत्तर देणाऱ्या तीन पंडितांपैकी दोघे मराठी होते : मध्य भारतातील सुबाजी बापू आणि काशीतील तरुण नीलकंठ शास्त्री गोरे. गोरे यांनी १८४४-४५ मध्ये रचलेल्या 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'त सान्त जीवाच्या सान्त पापाला अनंत शिक्षा देणारा ईश्वर न्यायी व दयाळू कसा, हा आक्षेप मांडला; पुनर्जन्माच्या कल्पनेत निदान प्रत्येक भोगाला कारण आणि शेवट असतो. हा युक्तिवाद आणि निसाच्या ग्रेगरीचा विचार यांत अंतर आहे, कारण ग्रेगरीचा आधार कर्मसिद्धान्त नव्हे, तर ईश्वराच्या चांगुलपणाची अमर्यादता आहे. पण आक्षेपाचा रोख एकच आहे. १८४८ मध्ये गोरे स्वत: ख्रिस्ती झाले आणि १८६० च्या 'षड्दर्शनदर्पणा'त त्यांनी दर्शनांचे खंडन केले. मिशनरी चरित्रलेखनाने या प्रवासाला अंधारातून प्रकाशाकडे जाण्याचे रूप दिले, तर त्यांच्या टीकाकारांनी त्याला स्खलन मानले. काशीत संस्कृतात विचारलेला तो प्रश्न मॉरिस आणि फॅरर यांच्याही आधी, त्याच शतकात विचारला गेला होता. इंग्लंडातील वादाच्या इतिहासांत त्याची नोंद सहसा आढळत नाही, आणि मराठी वाङ्मयेतिहासांतही संस्कृत ग्रंथ म्हणून तो बाजूलाच राहतो.

स्वर्गाच्या बाबतीत मराठीची कोंडी निराळी आहे. हिब्रू 'शामायिम' आणि ग्रीक 'ओउरानोस' या शब्दांत आभाळ आणि देवाचे निवासस्थान हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रथम छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त 'वैकुंठ' हा शब्द नि:संकोच वापरला आणि विष्णुलोकाची सगळी सुगंधी आठवण ख्रिस्ती कथेत येऊ दिली. पुढच्या प्रोटेस्टंट भाषांतरकारांना ते धाडस मानवणारे नव्हते. त्यांनी 'स्वर्ग' स्वीकारला, पण एका शब्दाचे काम दोघांत वाटून द्यावे लागले. प्रभूच्या प्रार्थनेतला पिता स्वर्गात आहे, त्याच अध्यायातली पाखरे आकाशात आहेत. ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी ओउरानोस. उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यात देव आकाश व पृथ्वी निर्माण करतो. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात त्याला अनुसरूनच नवे आकाश व नवी पृथ्वी आहे. एन. टी. राइट यांच्यासारखे अभ्यासक ज्या मुद्द्यावर भर देतात तो येथेच आहे : बायबलच्या अखेरीस माणसे वर जात नाहीत, नगरच खाली उतरते, मेल्यावर आत्म्याने स्वर्गात जाणे ही त्या संहितेची अंतिम कल्पना नाही. 'नवे आकाश' वाचणाऱ्या मराठी वाचकाला ग्रहनक्षत्रांचा पालट दिसतो. ज्याला आपण आजवर स्वर्ग म्हणत आलो तो शब्दही त्या वाक्यात नवा होतो आहे, हे त्याला दिसत नाही; आणि 'नवा स्वर्ग' असे लिहिले असते तर उत्पत्तीच्या पहिल्या वाक्याशी जुळलेला धागा तुटला असता.